पाळक कसा घडतो? डहाणूच्या मंडळीपासून कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजपर्यंत

पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्मगुरू म्हटलं की बहुतेकांना आठवतात ते वसईचे फादर. ते कॅथलिक असतात, आजन्म अविवाहित राहतात आणि बरीच वर्षं सेमिनरीत शिकून मग वेदीपुढे उभे राहतात. पण याच जिल्ह्यात डहाणू, वाडा भागात ‘पाळकसाहेब’ही भेटतात. त्यांना बायको-मुलं असतात आणि नावाआधी फादरऐवजी रेव्हरंड लागतं. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात तर देशभरातून कामगार आले आणि आपापले पंथही घेऊन आले. त्यामुळे फादर, पास्टर, रेव्हरंड हे सगळे शब्द एकाच गावात कानावर पडतात.

मग हे रेव्हरंड नेमके होतात कसे? त्यासाठी कुठलं कॉलेज असतं? आणि तिथली पदवी मिळाली की माणूस पाळक होतो का?

आधी थोडा इतिहास

डहाणू-वाड्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’चे मिशनरी काम करू लागले. हे लोक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले नव्हते. त्यांच्याकडे बिशपांची उतरंडही नव्हती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजेच सीएनआय, जन्माला आली. त्यात अँग्लिकन होते, तसे ब्रेदरन, बॅप्टिस्ट आणि मेथडिस्टही होते. या एकीमुळे ब्रेदरन मंडळ्या बिशप असलेल्या व्यवस्थेत आल्या. सगळ्यांना हे मान्य झालं नाही. काही ब्रेदरन मंडळ्या वेगळ्या राहिल्या आणि गुजरातमधल्या मालमत्तांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सीएनआय आज जगभरच्या अँग्लिकन परिवाराची सदस्य आहे. पाळक घडवण्याची तिची पद्धतही बरीचशी त्याच वळणाची आहे.

बिशप्स कॉलेज काय आहे?

या परंपरेतलं भारतातलं सगळ्यात नावाजलेलं जुनं कॉलेज म्हणजे कोलकात्याचं बिशप्स कॉलेज. कोलकात्याचे पहिले अँग्लिकन बिशप थॉमस मिडलटन यांनी १८२० मध्ये हुगळीकाठी शिबपूरला त्याची पायाभरणी केली. भारतातच धर्मसेवक आणि शिक्षक तयार व्हावेत, हा हेतू होता.

इथे फक्त पाळकच शिकले असं नाही. बंगालीतले थोर कवी मायकेल मधुसूदन दत्त धर्मांतरानंतर १८४४ ते १८४७ या काळात इथेच शिकले. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृतचा त्यांचा अभ्यास इथे झाला. १८८० मध्ये कॉलेज कोलकाता शहरात हलवलं गेलं. शिबपूरच्या जुन्या आवारात पुढे इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं.

तिथे शिकवतात काय?

बायबल तर असतंच. पण ते मुळातून कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषांची ओळख करून दिली जाते. शिवाय चर्चचा इतिहास, धर्मतत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, प्रवचन कसं द्यावं, आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे विषय असतात. त्यासोबत मंडळीत प्रत्यक्ष जाऊन कामही करावं लागतं.

पदवीचं नाव बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. ती देते ‘सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज’ ही संस्था. तिचा पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेतून आला, कारण तेव्हा सेरामपूर ही डॅनिश वसाहत होती. मराठी माणसाला हे नाव अगदीच परकं नाही. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापणारे विल्यम कॅरी याच कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक होते.

बी.डी.साठी महाराष्ट्राबाहेरच जावं लागतं असंही नाही. पुण्याची ‘युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र’ ही संस्थाही सेरामपूरशी संलग्न आहे.

पदवी मिळाली, म्हणजे पाळक झाला का?

नाही. गोंधळ होतो तो इथेच. कॉलेज फक्त शिकवतं, पाळक करण्याचा अधिकार चर्चचा असतो.

आधी स्थानिक मंडळीने उमेदवाराची शिफारस करावी लागते. मग धर्मप्रांताची समिती आणि बिशप त्याला पारखतात आणि त्यानंतर कॉलेजात पाठवतात. शिक्षण संपल्यावर काही काळ उमेदवारी असते. मग बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि तो ‘डीकन’ होतो. पुढचा दीक्षाविधी ‘प्रेसबिटर’चा. त्यानंतरच त्याला प्रभुभोजनाचा विधी चालवता येतो. लग्न करायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

म्हणजे बी.डी. झालेला माणूस प्राध्यापक किंवा समाजसेवक होऊ शकतो, पण दीक्षेशिवाय या चर्चचा पाळक होऊ शकत नाही.

मग दार कुणासाठी उघडलं?

अधिकार कॉलेजकडे नसून चर्चकडे असल्यामुळे शिक्षण आणि सत्ता एकाच वेगाने चालली नाहीत. बंगालचे विद्वान कृष्णमोहन बंदोपाध्याय १८५२ पासून बिशप्स कॉलेजात प्राध्यापक होते. बनारसमध्ये वाढलेले मराठी चित्पावन पंडित नीलकंठ, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून हिंदू दर्शनांवर वाद घालत होते. पण गोऱ्हे यांना अँग्लिकन चर्चने प्रेसबिटर केलं ते १८७० मध्ये, बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनी. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे ज्यांचा प्रभाव मानला जातो, ते हेच गोऱ्हे.

आणि भारतीय माणूस अँग्लिकन बिशप कधी झाला? १९१२ मध्ये, दोर्णकलचे व्ही. एस. अझरिया. कॉलेजच्या पायाभरणीनंतर तब्बल ९२ वर्षांनी.

स्त्रियांना त्याहून जास्त थांबावं लागलं. दक्षिणेतल्या सीएसआय या भगिनी चर्चमध्ये ई. पुष्पललिता पहिल्या महिला बिशप झाल्या, ते साल होतं २०१३. सीएनआयमध्येही आता स्त्रिया रेव्हरंड आहेत.

त्यामुळे डहाणूकडे एखाद्या रेव्हरंडबाई भेटल्या, तर त्यांच्या बी.डी.ला जेवढी वर्षं लागली, त्याच्या कितीतरी पट वर्षं त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला चर्चला लागली, हे लक्षात असू द्या.