आजीच्या दंडावरची देवी

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडच्या घरांत आज जे आजी-आजोबा आहेत, त्यांचा हात एकदा नीट पाहा. दंडावर किंवा कोपराखाली रुपयाएवढे एक-दोन गोल व्रण दिसतील. "लहानपणी देवी काढल्या होत्या," असं ते सांगतील. रोगाचं नाव देवी आणि लशीचंही देवीच!

ही लस भारतात सर्वात आधी मुंबईतच टोचली गेली. १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने पहिला प्रयोग केला त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. मग एवढा वेळ का लागला? तेव्हा ना फ्रीज होता, ना बर्फाचा डबा. गाईच्या देवीची ही लस उष्ण हवेत काही दिवसांत निकामी होई. लांबच्या समुद्रप्रवासात ती टिकेना. शेवटी ती व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा आणि मग मुंबई अशी आली. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी नव्या माणसांना टोचायचं, आठवड्याभरात फोड पिकला की त्यातला द्रव पुढे न्यायचा. माणसाचा हात हाच लस ठेवायचा डबा.

ॲनाच्या फोडातल्या द्रवाने मुंबईत आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून लस पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

हाताहून हाताला टोचण्यात मोठा धोका होता. देणाऱ्याला उपदंश असेल तर तोही घेणाऱ्याला होई. शिवाय परक्या जातीच्या मुलाचा द्रव नको, ही अडचण वेगळीच. वासरांच्या अंगावर लस वाढवणं सुरू झालं तेव्हा यातून सुटका झाली. बेळगावात अशी लस बनत असे; तिथली ती जागा आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणूनच ओळखली जाते.

१९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं, आणि टोचणंही थांबलं.

तुमचा जन्म त्यानंतरचा असेल, तर डाव्या दंडावरचा छोटा व्रण देवीचा नाही. तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा आहे.