मांडवगडच्या बायका

यंदा आमच्या बचत गटाची सहल मांडवगडला गेली. नकाशात मांडू लिहितात, धार जिल्ह्यात आहे. शिरपूरहून पहाटे गाडी निघाली, बिजासन घाट चढला, खलघाटला नर्मदा ओलांडली आणि विंध्याच्या माथ्यावरच्या त्या जुन्या शहरात आम्ही पोचलो. माळव्याच्या सुलतानांची ही राजधानी. तिला ते शादियाबाद, म्हणजे आनंदाचं शहर म्हणत.

आधी जामा मशीद पाहिली. होशंगशाहानं ती बांधायला घेतली, महमूद खिलजीनं १४५४ मध्ये पुरी केली. उंच जोतं, भरपूर पायऱ्या, आत प्रशस्त अंगण आणि कमानींच्या रांगा. मागेच होशंगशाहाची संगमरवरी कबर आहे. तिच्या दारापाशी १६५९ चा लेख आहे. शाहजहानच्या पदरचे वास्तुकार ही इमारत बघायला आले आणि आपली नावं कोरून गेले. त्यात उस्ताद हामिदचं नाव आहे. कारागिरांची नावं दगडावर बघून आम्हाला बरं वाटलं.

मग दोन तलावांच्या मधला जहाज महाल. हा गियासशाहाचा, असं सांगतात. त्यानं १४६९ ते १५०० राज्य केलं. त्याच्या पंधरा हजार राण्यांची गोष्ट तिथं हसत हसत ऐकवली जाते. पण फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं काय लिहिलंय ते ऐका. हा फिरिश्ता लहानपणी आपल्या अहमदनगरात होता, पुढं विजापूरला त्यानं इतिहास लिहिला. तो म्हणतो, या बायकांत शिक्षिका होत्या, गाणाऱ्या होत्या, भरतकाम करणाऱ्या होत्या, नाना धंदे शिकलेल्या होत्या. धनुष्यबाण घेऊन पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्याही होत्या. रोजचं धान्य आणि टंके ठरलेले होते. आकडा फुगवलेला असेल, कारण तो शंभर वर्षांनी लिहीत होता. आणि त्यातल्या कित्येकी गुलाम होत्या, हेही विसरायचं नाही. मजुरी मिळाली तरी घरी जायची मोकळीक नव्हती.

त्याच दरबारात 'निमतनामा' हा पाककृतींचा ग्रंथ तयार झाला. आज तो लंडनला आहे. त्यातल्या चित्रांत सुलतान बसलाय आणि भोवती बायका रांधताहेत, वाढताहेत. सुलतानाचं नाव सगळ्यांना ठाऊक. त्या बायकांचं एकीचंही नाही.

मांडवगडात बाईचं एकच नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, रूपमतीचं. तेही बाजबहादूराच्या जोडीनं. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेनं त्याला हरवलं, तो पळाला, आणि तिनं विष घेतलं असं सांगतात.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगणं आहे. गटाच्या वहीत अजूनही कुठं 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नोंद असते. या महिन्याच्या बैठकीत वही उघडा आणि प्रत्येकीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा. शेजारी तिला कोणतं काम येतं तेही लिहा.