बुरशीचे अर्बुद

मुलाच्या मांडीवर किंवा पावलावर न दुखणारी, घट्ट गाठ आली आणि ती महिनेमहिने वाढत राहिली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती कर्करोगाची. ही शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु अशी गाठ कधी कधी केवळ बुरशीने उत्पन्न केलेली असते, आणि हे ज्ञान होण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा इंग्रज डॉक्टर १८५८ साली मुंबईस आला. ग्रे याच्या शरीररचनेवरील विख्यात ग्रंथातील चित्रे याच्याच हातची. ग्रंथ मात्र एकट्या ग्रेच्या नावाने ओळखला गेला! पाय सुजून त्यास छिद्रे पडण्याचा विकार गिल याने मदुरेस १८४२ साली नोंदविला होता; कारण अज्ञात होते. कार्टरने शस्त्रक्रियेत कापलेले पाय चिरून त्यांतील काळे व फिकट कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि १८६० च्या सुमारास विकारास 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीचे अर्बुद, असे नाव दिले. पुढे १८६३ ते १८७२ पर्यंत तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. १८७४ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याचे सारेच खरे ठरले नाही. फिकट कणांपैकी पुष्कळ पुढे जंतूंचे ठरले, आणि त्यांचे औषध निराळे. कार्टरच्या काळी मात्र पाय कापणे हाच उपाय होता. सोलापूरकडच्या रानात अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडणे नित्याचे. अशाच जखमेवाटे हा रोग शिरतो.

पायाची ही कथा बहुतांशी प्रौढांची. मुलांना गाठणारी बुरशी दुसरी, बॅसिडिओबोलस. आयडाम याला ती १८८६ साली बेडकाच्या विष्ठेत आढळली. माणसातील पहिले रुग्ण १९५६ साली इंडोनेशियातून नोंदले गेले. ती कुजलेल्या पाल्यात आणि बेडूक, पाली यांच्या आतड्यांत असते. मुलाच्या मांडीवर वा नितंबावर लाकडासारखी कठीण गाठ येते. तिच्या कडेखाली बोट घालता येते, ही तिची खूण. आतड्यात झाल्यास ती कर्करोगाहून ओळखू येत नाही, आणि त्या समजुतीने मुलांची आतडी कापली गेल्याच्याही नोंदी आहेत. वास्तविक पोटॅशियम आयोडाइडसारख्या स्वस्त औषधाने किंवा इट्राकोनाझोलने मांडीवरची गाठ बहुधा विरून जाते.

निदान गाठीच्या तुकड्यावरून होते. परंतु तो सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते व प्रयोगशाळेत वाढविता येत नाही. म्हणून थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये निराळा धाडावा लागतो.