सक्तीची भरती आणि स्वराज्याची अट

सरकारने ‘सैन्यात चला’ असा हुकूम काढला, तर तो प्रजेने कोणत्या नात्याने मानावा? हा प्रश्न १९१८ साली दोन परतंत्र देशांपुढे एकाच वेळी उभा राहिला: एक आयर्लंड आणि दुसरा आपला.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सक्तीच्या भरतीचा कायदा आयर्लंडला लागू करण्याचा अधिकार घेतला. २३ एप्रिलला तेथे सार्वत्रिक संप झाला. आगगाड्या थांबल्या, कारखाने बंद पडले. केवळ अल्स्टरचा काही भाग अलिप्त राहिला. कायदा पुस्तकातच राहिला, अंमलात कधीच आला नाही. पुढे १९२२ साली याच देशात यादवी माजली. परंतु भरतीच्या प्रश्नावर उद्याचे प्रतिपक्षी खांद्याला खांदा लावून उभे होते.

आपल्याकडे प्रकार निराळा होता. १९१७ च्या संरक्षण दलाच्या कायद्याने सक्ती केली ती येथील युरोपियनांवर. हिंदी माणसाला स्वेच्छेने नाव नोंदविण्याची केवळ मुभा होती. सक्ती नव्हती, पण विश्वासही नव्हता! तरीही लोकमान्य टिळकांनी पुण्यातील तरुणांना नावे नोंदविण्यास सांगितले. शस्त्र हाती धरण्याची संधी त्यांना दवडावयाची नव्हती.

मग त्यांचा विरोध कशाला होता? १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलाविली. स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांची फारकत करता येत नाही, या मुद्द्यावर टिळक येताच त्यांना थांबविण्यात आले. टिळक सभात्याग करून निघाले, पाठोपाठ न. चिं. केळकरही बाहेर पडले.

गांधीजींची भूमिका वेगळी होती. मदत बिनशर्त असावी, असे ते म्हणत. टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजार रुपयांचा चेक धाडला. हिंदी लोकांना अधिकाराच्या जागा मिळण्याचे वचन सरकारकडून मिळवा, म्हणजे महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. न दिल्यास ही रक्कम दंड समजा! गांधीजींनी चेक परत केला. पुढे खेडा जिल्ह्यात ते भरतीसाठी पायी हिंडले, तेव्हा साराबंदीच्या लढ्यात फुकट गाड्या देणारे शेतकरी भाड्यानेही गाडी देईनात.

याला दुसरीही बाजू आहे. महार समाजाला लष्कराचे दार १८९० नंतरच्या काळात बंद झाले होते. १९१७ मध्ये गरजेपोटी १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. कोणी भरतीस नकार देत होता, कोणी भरतीचा हक्क मागत होता. वरवर पाहता हे विरुद्ध दिसते; परंतु दोघांचे मागणे एकच होते. रक्त हवे असेल, तर बरोबरीचा मानही द्या!

आज आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत देशभरातून तरुण येतात. त्यांना कोणी पकडून आणीत नाही. उलट, परीक्षा देऊन ते आपली जागा मिळवितात. स्वतंत्र भारताला सामान्य नागरिकावर लष्करी सेवेची सक्ती करावी लागलेली नाही. टिळकांनी पन्नास हजारांची जी पैज लावली होती, तिचा निकाल याहून वेगळा कोणता असणार?