इन्व्हर्टरचा पंखा घरघरतोय? तेल घालण्याआधी हे वाचा

लाईट जाते, इन्व्हर्टर सुरू होतो आणि कोपऱ्यातून घरघर ऐकू येते. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा रात्री इन्व्हर्टर बंद पडणं परवडत नाही, म्हणून या आवाजाकडे वेळीच लक्ष द्यायला हवं.

बॅटरीचा डीसी करंट एसीत बदलताना इन्व्हर्टरमधले मॉस्फेट तापतात. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये जाते आणि जाळीमागचा छोटा पंखा ती बाहेर फेकतो. पंखा अडकला तर इन्व्हर्टर ओव्हरहीट होऊन ट्रिप होतो. कधी थेट मॉस्फेटच जळतात. पंखा स्वस्तात मिळतो, बोर्डाची दुरुस्ती मात्र महागात पडते.

आवाज नक्की पंख्याचाच आहे का?

एकसारखा 'हूं' असा आवाज ट्रान्सफॉर्मरचा असतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर छताचा पंखाही गुणगुणतो. हे दोन्ही आवाज छोटा पंखा बदलून जाणार नाहीत. खरखर होत असेल, लोड किंवा चार्जिंग वाढल्यावर ती सुरू होत असेल आणि नंतर थांबत असेल, तर मात्र पंख्याकडे बघा.

आधी धूळ काढा. गेवराई, माजलगावकडे कापसाचे तंतू आणि परळीच्या आसपास औष्णिक केंद्राची राख जाळीतून आत जाते. सफाई करताना पाती बोटाने धरून मगच ब्रश किंवा ब्लोअर वापरा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. साफ केल्यावरही पातं डुगडुगत असेल किंवा जड फिरत असेल, तर बेअरिंग गेलंय असं समजा.

तेलाचं काय? शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब काही दिवस आवाज कमी करतो, पण झिजलेलं बेअरिंग भरून काढत नाही. खोबरेल तेल तर नकोच. थंडीत ते गोठतं आणि धूळ धरून ठेवतं.

नवा पंखा कसा निवडायचा?

जुना पंखा दुकानात सोबत न्या. त्याच्या स्टिकरवरचा व्होल्टेज तंतोतंत जुळायला हवा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये 12 व्होल्टचा डीसी पंखा असतो, पण काहींमध्ये 24 व्होल्टचा किंवा थेट 230 व्होल्ट एसीचाही असतो. ॲम्पिअरचा आकडा जुन्यापेक्षा जास्त नको. आकार मोजताना चौकटीची बाजू बघा: 80 मिमीच्या पंख्यात स्क्रूच्या भोकांमधलं अंतर 71.5 मिमी असतं आणि 60 मिमीच्या पंख्यात 50 मिमी. जाडीही मोजा. तिसरी वायर असेल तर ती बहुतेकदा वेगाचा सिग्नल देते. तिथे दोन वायरींचा पंखा लावला तर काही मशीन 'फॅन फेल' दाखवतात. स्लीव्ह आणि बॉल बेअरिंग दोन्ही मिळत असतील तर थोडे जास्त पैसे देऊन बॉल बेअरिंगचा घ्या. उष्णतेत तो जास्त टिकतो.

बसवताना हवेची दिशा चुकली तर गरम हवा बाहेर जाण्याची वाट बदलते. काढण्याआधी जुन्याचा फोटो घ्या. चौकटीवर बाण नसेल तर सहसा स्टिकरच्या बाजूने हवा बाहेर पडते. लाल वायर प्लस, काळी मायनस. ती उलटी लावली तर पंखा उलटा फिरत नाही, फिरतच नाही, आणि खराबही होऊ शकतो.

हे काम घरी करावं का?

जाळीवरची धूळ बाहेरून झटकायला हरकत नाही. झाकण उघडायचं असेल, तर आधी इन्व्हर्टरचा स्विच बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग बॅटरीची आधी मायनस, नंतर प्लस वायर सोडवा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू चिकटला तर मोठी ठिणगी उडते आणि हात भाजतो. एवढं करूनही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, त्यामुळे बोर्डाला हात लावू नका. सवय नसेल तर सरळ मेकॅनिकला बोलवा आणि पंख्याचं माप त्याला आधीच सांगा. वॉरंटी चालू असेल किंवा आतच लिथियम बॅटरी असेल, तर सर्व्हिस सेंटरलाच न्या.

आणि नवा पंखा बसवल्यावर इन्व्हर्टर पुन्हा कपाटात कोंबू नका. जाळीसमोर वीतभर मोकळी जागा राहू द्या.