बहिणाबाईंना गाणे कोठून सुचे?

गाणे सुचायला निवांतपणा, नदीकाठ आणि कोरा कागद लागतो, असा पुष्कळांचा समज असतो. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या वाट्याला यांतले काही आले नाही. असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावास आल्या आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी तीन मुले, डोक्यावर शेताचा व्याप; अक्षरओळख मुळीच नाही.

मग गाणे सुचे कोठून? मला वाटते, हातांतल्या कामातून. पहाटे घरोटावर, म्हणजे जात्यावर, बसले की दळणाच्या फेऱ्याबरोबर ओवी आपोआप येते. मोट, सुगरणीचा खोपा, आखाजीचा सण, जे पुढे आले त्याचे त्यांनी गाणे केले. स्वतःचे दुःखही सोडले नाही. माझा हात पाहू नकोस, असे ज्योतिष्याला त्यांनी गाण्यातच बजावले आहे. आणि गंमत अशी, वाचता न येणाऱ्या या बाईने जळगावच्या छापखान्यावरही गाणे रचले!

पण जात्यावरचे गाणे पिठासारखे डब्यात भरून ठेवता येत नाही. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कानी पडलेली काही गाणी उतरून घेतली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले ते १९५२ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात. जी गाणी कोणी उतरून घेतली नाहीत, ती किती होती हे आता कोणालाच सांगता यायचे नाही.