एमडीची कुळकथा

महाराष्ट्रात ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून विकली जाणारी पांढरी पूड म्हणजे मेफेड्रोन. अफू, गांजा, चरस यांना जमीन, पाऊस आणि हंगाम लागतो. मेफेड्रोनला पत्र्याची शेड, वीज, पाणी, एक रिअ‍ॅक्टर आणि रसायनशास्त्र जाणणारा माणूस एवढे पुरते. अशा घडवलेल्या पदार्थांना ‘डिझायनर ड्रग्ज’ म्हणतात. बंदी असलेल्या रेणूत किरकोळ फेरफार करायचा, नशा तशीच ठेवायची आणि बंदीच्या यादीतून निसटायचे, ही त्यामागची युक्ती. या घराण्यातले महाराष्ट्राला सर्वांत महागात पडलेले अपत्य मेफेड्रोनच.

घराण्याचा मूळपुरुष मात्र एक झुडूपच आहे. येमेन, इथिओपिया, सोमालियात खात नावाच्या झुडपाची कोवळी पाने गालात धरून तासन्‌तास चघळतात. त्यातल्या कॅथिनोनमुळे तरतरी येते, भूक मरते. पान सुकले की कॅथिनोनचा जोर उतरतो, म्हणून खातचा व्यापार ताज्या पानांचा. हे कॅथिनोन ओळखले गेले १९७५ च्या सुमारास, संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेत. तोवर त्याच्या कृत्रिम भावंडांच्या जन्माला जवळजवळ अर्धशतक लोटले होते. मेथकॅथिनोन १९२८ मध्ये तयार झाले आणि मेफेड्रोन १९२९ मध्ये. साएम दे बुर्नागा सांचेझ या रसायनशास्त्रज्ञाने त्याची नोंद फ्रान्सच्या रसायनशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात केली. त्याचा काही उपयोग कोणाला सुचला नाही आणि ती नोंद सात दशके धूळ खात पडली. याच सांगाड्यावर बेतलेले ब्युप्रोपिऑन आज नैराश्यावर आणि सिगारेट सोडवण्यासाठी डॉक्टर लिहून देतात. तेव्हा रेणूच्या घराण्यालाच दोष देण्यात अर्थ नाही.

२००३ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका हौशी रसायनकाराने मेफेड्रोन नव्याने बनवून त्याची माहिती इंटरनेटवर टाकली. काही वर्षांतच इस्रायलमध्ये त्याच्या कॅप्सूल उघडपणे विकल्या जाऊ लागल्या. तिथे जानेवारी २००८ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी जूनमध्ये कंबोडियात सुमारे ३३ टन सॅसॅफ्रास तेल जाळून नष्ट करण्यात आले. एक्स्टसी म्हणजेच एमडीएमए बनवण्याचा तो कच्चा माल. युरोपात एक्स्टसीचा तुटवडा पडला आणि रिकाम्या जागेत मेफेड्रोन शिरले. एका नशेचा कच्चा माल जाळल्याने दुसरीला बाजार मिळाला.

ब्रिटनमध्ये ते ‘झाडांचे खत’ म्हणून विकले जाई आणि पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापलेले असे. विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पोलिसालाही खरे काय ते माहीत होते, पण कायद्यात नाव नव्हते. मार्च २०१० मध्ये स्कनथॉर्पच्या दोन तरुणांचा मृत्यू मेफेड्रोनमुळे झाल्याच्या बातम्या झळकल्या आणि १६ एप्रिलला बंदी आली. पुढे तपासणी झाली तेव्हा दोघांच्याही शरीरात मेफेड्रोन आढळले नाही. बंदी योग्यच होती, पण तिला घाई झाली ती चुकीच्या बातमीमुळे. बंदीपाठोपाठ नॅफायरोन नावाचे भावंड दुकानांत आले. जुलैमध्ये त्यावरही बंदी घालावी लागली. अखेर २०१६ मध्ये ब्रिटनने एकेका रेणूचा पाठलाग सोडला आणि काही ठरावीक अपवाद वगळता मेंदूवर परिणाम करणारा कोणताही पदार्थ नशेसाठी विकणेच गुन्हा ठरवले.

भारताचा रस्ता अजून यादीचाच आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे पोलिसांच्या बोलीतला ‘एनडीपीएस’, नावानिशी नोंदलेल्या पदार्थांनाच लागू होतो. मुंबईत एमडी सर्रास विकले जात असताना ते या यादीत नव्हते. विकणारा सापडला तरी एनडीपीएस लावता येत नसे. ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने ही उणीव भरून निघाली. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण, अशी मोजपट्टी ठरली. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. महिनाभरातच, मार्च २०१५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानेही मेफेड्रोनला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणले.

त्याच मार्चमध्ये मुंबई पोलिस दलातल्या एका हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातील घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी पूड जप्त झाली आणि राज्यभर गाजली. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा ते अजिनोमोटो निघाले. पांढरी पूड डोळ्यांनी ओळखता येत नाही, ही या पदार्थाच्या तपासातली पहिली अडचण. अफू-हेरॉइनसाठी पोलिस जे रासायनिक थेंब जागेवर वापरतात, त्यांना मेफेड्रोन रंग देत नाही किंवा अगदी मंद देते. लघवीच्या नेहमीच्या पट्टीतही ते बहुधा सुटते. खात्री होते ती गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, आणि तीही तुलनेसाठी त्या पदार्थाचा प्रमाणित नमुना हाताशी असेल तर. नव्या भावंडाचा नमुनाच नसेल तर रसायन विश्लेषकाचाही नाइलाज होतो. जगभरात असे हजाराहून अधिक नवे पदार्थ संयुक्त राष्ट्रांकडे नोंदले गेले आहेत.

माल कुठून येतो हे पाहिले की जुन्या आणि नव्या नशेतला फरक रत्नागिरी जिल्ह्यात जवळून दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी, मुरूड या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहत आली. कस्टम्सने काही दिवसांत सुमारे अडीचशे किलो गोळा केले. हा जुना प्रकार: माल दूरदेशी पिकतो, समुद्र ओलांडतो, आणि वाटेत गस्त, नाका, बंदर असे कुठे ना कुठे सापडू शकतो. मेफेड्रोनला समुद्र ओलांडावाच लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावात त्याचा कारखाना पकडला. डिसेंबरमध्ये खोपोलीजवळ दुसरा सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीचा कारखाना उघड झाला. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून सतराशे किलोंच्या वर माल हाती लागला. महिन्याभरात सांगली जिल्ह्यातल्या इरळी गावाची पाळी आली. जुलै २०२५ मध्ये महाड एमआयडीसीत केटामाइन हा दुसरा अमली पदार्थ बनवणारे युनिट सापडले.

महाडहून कशेडी घाट ओलांडला की खेड आणि पुढे लोटे-परशुराम ही कोकणातली मोठी रासायनिक वसाहत येते. तिथले कारखाने औषधांचे घटक, रंग, कीटकनाशके बनवतात आणि ते कायदेशीर आहे. पण छुप्या उत्पादकाला जे हवे असते ते कोणत्याही रासायनिक वसाहतीत तयारच असते: रिअ‍ॅक्टर, ड्रायर, सॉल्व्हंटचे ड्रम घेऊन येणारे टँकर, रात्रपाळी, आणि बंद पडलेली, भाड्याने मिळणारी युनिट्स. गावात घराच्या मागे उग्र वास सुटला तर शेजारी विचारतात. रासायनिक वसाहतीत वास ही रोजचीच तक्रार असते, त्यामुळे एक वास जास्त आला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कच्च्या मालातली बहुतेक रसायने औषध आणि रंग उद्योगातही लागतात. ती सरसकट बंद केली तर प्रामाणिक कारखानदारच आधी अडचणीत येईल. म्हणून नाकाबंदीपेक्षा नोंदवहीची तपासणी जास्त उपयोगाची. युनिटने घेतलेले सॉल्व्हंट, त्याने दाखवलेले उत्पादन, विजेचे बिल आणि बाहेर पडणारे सांडपाणी यांचा मेळ बसतो का, हे पाहणारी खाती वेगवेगळी आहेत: प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, अन्न व औषध प्रशासन, जीएसटी. पोलिसांपर्यंत या चौघांची माहिती एकत्र पोहोचत नाही तोवर छापा खबऱ्याच्या भरवशावरच पडणार. राज्याने २०२३ मध्ये अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स उभारला, त्याचा कस लागायचा तो इथे.

पकडल्यानंतरची वाटही अरुंद आहे. एनडीपीएसच्या कलम ५० नुसार अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा हक्क आरोपीला आधी सांगावा लागतो. २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, मेफेड्रोनसारख्या पदार्थाचा नमुना किमान ५ ग्रॅमचा, आणि तो दोन प्रतींत. सील, पंचनामा, मुद्देमालाची नोंद यांतली एक तारीख चुकली तरी बचाव पक्षाचे वकील तिथेच बोट ठेवतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. एप्रिलच्या हिरा सिंग निकालाने भेसळीसह एकूण वजन धरायला मुभा दिली, ही तपासाला मोठी मदत ठरली. ऑक्टोबरच्या तुफान सिंग निकालाने कलम ६७ खाली अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद ठरवला. त्यामुळे खटला आता कागद आणि प्रयोगशाळा यांच्यावरच उभा राहतो.

शरीराचे काय होते ते थोडक्यात सांगता येते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, ताप वाढतो, झोप उडते, नाकातून रक्त येते. अंमल लवकर उतरतो म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतले जाते. पुढे संशयाने पछाडलेपण आणि भास होतात. हेरॉइनवर नॅलोक्सोन आहे तसा यावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. आपण नक्की काय आणि किती घेतले हे रुग्णाला स्वतःलाच माहीत नसते, कारण पाकिटात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतेच असे नाही.

एनडीपीएस कायद्याचेच एक कलम फारसे कोणाला माहीत नसते. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून शासनमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि अमली पदार्थांविषयी माहिती किंवा तक्रार देण्यासाठी १९३३ हे क्रमांक देशभर चालतात.